गेमिंगसाठी मॉनिटर: इंच बाजूला ठेवा, उंची मोजा

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या मॉनिटरवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि तेव्हापासून माझ्या ओळखीच्या गेमिंग करणाऱ्या मंडळींत 'आता अल्ट्रावाइडच, म्हणजे नेहमीपेक्षा रुंद मॉनिटरच घ्यायचा' असा सूर ऐकू येऊ लागला आहे. करातील ही तफावत खरोखरच अन्यायाची होती, कारण २७ इंची मॉनिटर १८ टक्क्यांत बसत असे आणि ३४ इंची रुंद मॉनिटर केवळ कर्णाच्या लांबीमुळे २८ टक्क्यांत जात असे. ती दूर झाली हे चांगलेच झाले. परंतु कर उतरला म्हणून रुंद स्क्रीन घ्यावी, हा हिशेब मला पटत नाही. आपण कोणते खेळ खेळतो हे आधी पाहावे, त्यानंतर ग्राफिक्स कार्ड (संगणकात खेळाचे चित्र तयार करणारा भाग), त्यानंतर मेज, आणि इंचांचा विचार सर्वांत शेवटी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंच शेवटी का, ते आकड्यांतच दिसते. मॉनिटरचा आकार कर्णात सांगितला जातो आणि रुंदी-उंचीचे प्रमाण बदलले की तोच कर्ण निराळीच स्क्रीन देतो. १६:९ प्रमाणाचा २७ इंची मॉनिटर साधारण ६० सेंमी रुंद आणि ३३.६ सेंमी उंच असतो. २१:९ प्रमाणाचा ३४ इंची अल्ट्रावाइड जवळपास ८० सेंमी रुंद असतो, पण त्याची उंची २७ इंचीएवढीच, किंबहुना किंचित कमीच भरते. म्हणजे सात इंच वाढले ते सगळे दोन्ही बाजूंना गेले, वर काहीच मिळाले नाही. याउलट १६:९ चा ३२ इंची मॉनिटर सुमारे ४० सेंमी उंच असतो आणि क्षेत्रफळात तो ३४ इंची अल्ट्रावाइडहून मोठाच ठरतो. सर्वांत फसवा प्रकार २९ इंची अल्ट्रावाइडचा आहे. आकडा मोठा वाटतो, पण त्याची उंची २४ इंची साध्या मॉनिटरपेक्षाही कमी असते. २४ इंचीवरून २९ इंचीवर जाणाऱ्या माणसाला घरी आल्यावर स्क्रीन बुटकी वाटली, तर त्यात नवल नाही.

आता खेळांकडे वळू. बहुतेक नव्या त्रिमितीय खेळांत स्क्रीन रुंद केली की उभा दृश्यकोन (एका वेळी वर-खाली किती दिसते ते) तोच राहतो आणि आडवा वाढतो. काउंटर-स्ट्राइक २ या नेमबाजीच्या खेळात ४:३ ला आडवा कोन ९० अंशांचा असतो, १६:९ ला तो १०६ च्या आसपास जातो आणि २१:९ ला १२० च्या पुढे. हा वाढलेला कोन कोठे कामी येतो, हे मला सर्वांत नीट उमगले ते युरो ट्रक सिम्युलेटर २ मध्ये. १६:९ वर मी ज्या आसनमांडणीत खेळतो, तीत समोरचा रस्ता आणि जवळचा आरसा दिसतो, पण पलीकडच्या आरशासाठी दर वेळी माउसने मान वळवावी लागते. २१:९ वर दोन्ही आरसे, बाजूची खिडकी आणि डॅशबोर्ड एकाच नजरेत येतात, त्यामुळे मागे लावलेला लांब ट्रेलर अरुंद फाटकातून आत घेताना मागचे चाक कठड्याला कधी घासणार, हे आधीच कळते. मोटारींचे खेळ, विमानांचे सिम्युलेटर आणि एज ऑफ एम्पायर्स २ च्या नव्या आवृत्तीसारखे नकाशावर पसरलेले खेळ यांत रुंद स्क्रीनला मी बिनदिक्कत कौल देतो. माझ्या मेजावर २१:९ आहे तो याच कारणासाठी.

परंतु फोंड्याला राहणाऱ्या माझ्या भाच्याने विचारले, तेव्हा मी त्याला अल्ट्रावाइड घेऊ दिला नाही. तो अष्टौप्रहर वॅलोरंट हा नेमबाजीचा खेळ खेळतो आणि वॅलोरंट १६:९ पेक्षा रुंद दृश्य देतच नाही; एक तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे ठेवावे लागतात, नाही तर चित्र ताणावे लागते. स्टारक्राफ्ट २ मध्येही दृश्याची मर्यादा १६:९ पर्यंतच आहे आणि २०२२ मध्ये आलेल्या एल्डन रिंगमध्ये अल्ट्रावाइडवर बाजूला काळे पट्टेच येतात. रुंद स्क्रीनने सर्वांवर मात करता येते ही समजूत तर पार सोडून द्यावी. काउंटर-स्ट्राइकमधील कित्येक व्यावसायिक खेळाडू आजही १६:९ च्या मॉनिटरवर मुद्दाम १२८० बाय ९६० हे ४:३ चे रिझोल्यूशन (चित्रातील ठिपक्यांची संख्या) ताणून वापरतात. बाजूचे दृश्य कमी होते, पण समोरचा प्रतिस्पर्धी जाड दिसतो. तो त्याच प्रमाणात अधिक वेगाने सरकतानाही दिसतो, ही गोष्ट मात्र त्या पद्धतीचे गोडवे गाणारे सहसा सांगत नाहीत. शिवाय सपाट पडद्यावर खूप रुंद कोन दाखवताना कडेची चित्रे ताणली जातात. २१:९ च्या टोकाला उभा असलेला माणूस मध्यभागी येताच बारीक होतो, हे एकदा लक्षात आले की डोळ्यांना खुपत राहते.

१६:९ हे प्रमाण मुळात संगणकासाठी जन्मलेच नव्हते. १९८० च्या दशकात एसएमपीटीई या अमेरिकी अभियंत्यांच्या संस्थेत कर्न्स पॉवर्स यांनी ४:३ च्या दूरचित्रवाणीपासून २.३५ प्रमाणाच्या रुंद चित्रपटापर्यंतचे सर्व आकार सामावतील अशी मधली चौकट म्हणून ते सुचवले. आजही प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स ही कन्सोल, म्हणजे केवळ खेळांसाठीची यंत्रे, २१:९ चे चित्र बाहेर देतच नाहीत, त्यामुळे त्यांना समोर ठेवून घडवलेल्या खेळांतील आधी तयार केलेली दृश्ये १६:९ मध्येच येतात. ज्या घरात एकच स्क्रीन संगणक आणि कन्सोल दोघांना पुरवायची आहे, तेथे चर्चेला फारशी जागाच उरत नाही.

कार्डाचा प्रश्न अधिक बोचरा आहे. २५६० बाय १४४० मध्ये सुमारे ३७ लाख पिक्सेल (चित्राचे ठिपके) असतात, ३४४० बाय १४४० मध्ये साडेएकोणपन्नास लाख. ही वाढ ३४ टक्क्यांची आहे. सारा भार कार्डावरच असेल, तर जेथे सेकंदाला १०० फ्रेम (चित्रे) मिळत होत्या तेथे ७५ च्या आसपास मिळतील. डीएलएसएस किंवा एफएसआर ही कमी पिक्सेलांत चित्र काढून ते मोठे करणारी तंत्रे लावून ही तूट बरीचशी भरून काढता येते. नाही तर मोठे कार्ड घ्यावे लागते. मोठे कार्ड आले की गोव्यात आणखी एक खर्च मागोमाग येतो. आमच्याकडे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि घरोघरी असलेला ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. खेळ रंगात असताना जड कार्डाचा संगणक आणि रुंद मॉनिटर मिळून ती मर्यादा सहज ओलांडतात. मॉनिटरचा खर्च काढताना यूपीएसचाही धरावा.

मेजाबाबत एकच सुचवतो. सुताराकडून करून घेतलेली आपली अभ्यासाची मेजे फारशी खोल नसतात आणि वक्र मॉनिटरच्या स्टँडचे पाय बरेच पुढे येतात. जुन्या वर्तमानपत्राचा ८० बाय ३३ सेंमीचा तुकडा कापून मेजामागच्या भिंतीवर चिकटवावा आणि नेहमीच्या खुर्चीत बसून दोन्ही टोकांकडे पाहावे. पणजीत आणि म्हापशात मी फिरलो त्या दुकानांत अल्ट्रावाइड चालू स्थितीत मांडलेला आढळला नाही, त्यामुळे खरेदीपूर्वी अंदाज घ्यायला कागदाएवढा सोपा उपाय दुसरा नाही.

१६:१० चे मॉनिटर मला मनापासून आवडतात, कारण उंची वाढल्याने लिहिण्या-वाचण्याचे काम सुखाचे होते. पण गेमिंगसाठी मेजावर ठेवायच्या मॉनिटरांत त्यांची निवड फारच तुटपुंजी आहे. ओएलईडी (ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः प्रकाश देतो) अल्ट्रावाइड घेणाऱ्यांनी मात्र काळ्या पट्ट्यांकडे सौंदर्याचा प्रश्न म्हणून पाहू नये. वर्षानुवर्षे १६:९ चेच चित्र चालले, तर मधले पिक्सेल झिजतात, कडेचे ताजे राहतात आणि पुढे तो फरक डोळ्यांना दिसू शकतो.

राहता राहिला ३२:९ चा ४९ इंची मॉनिटर. तो जवळपास १२० सेंमी रुंद, म्हणजे दोन २७ इंची मॉनिटर शेजारी ठेवल्यासारखा असतो. कोपऱ्यातला नकाशा पाहायला दर वेळी मान फिरवावी लागेल अशी मला शंका आहे, पण त्यावर मी स्वतः खेळलेलो नाही. डिचोली-साखळीच्या बाजूला कोणाकडे तो वापरात असेल, तर कृपया कळवावे. पाहायला यायची माझी तयारी आहे.