क्लफ ‘नापास’ खेळाडू? कोण म्हणतं?

आमच्या सांगलीतल्या फुटबॉलच्या पोरांच्या पालकांचा एक ग्रुप आहे. त्यावर गेल्या आठवड्यात एकच मेसेज तिसऱ्यांदा आला. मजकूर थोडक्यात असा: ‘ब्रायन क्लफ खेळाडू म्हणून सपशेल नापास झाला, पण खचला नाही. मॅनेजर झाला आणि एकट्याच्या जिद्दीवर, एकही स्टार नसलेल्या नॉटिंगहॅम फॉरेस्टला दोनदा युरोपियन कप जिंकून दिला. लीड्सनं त्याला 44 दिवसांत हाकललं, कारण त्यांना हिरा ओळखता आला नाही.’ खाली उगवता सूर्य आणि जोडलेले हात. (क्लफ म्हणजे इंग्लंडचे फुटबॉलपटू, पुढं मॅनेजर, म्हणजे संघाचे मुख्य प्रशिक्षक. फॉरेस्ट आणि लीड्स हे तिथले क्लब, आणि युरोपियन कप म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग.)

आमच्या एका पोराचा गुडघा गेलाय, त्याला धीर द्यायला हे टाकलं होतं. हेतू चांगला. पण दोन कप आणि 44 दिवस सोडले तर यातलं फारसं काही धड नाही.

आधी ‘नापास’. मिडल्सब्रो आणि संडरलंड हे दोन क्लब मिळून लीगच्या 274 सामन्यांत 251 गोल! हे बहुतेक दुसऱ्या डिव्हिजनमधले, हे खरं. इंग्लंडकडून दोनच सामने मिळाले, हेही खरं. पण 1962-63 च्या मोसमात तर ते 24 लीग सामन्यांत 24 गोलांवर होते. मग 26 डिसेंबर 1962 ला, गोठलेल्या मैदानावर, बरी नावाच्या क्लबच्या गोलकीपरवर आदळून गुडघ्याचे लिगामेंट फाटले. वय 27. नंतर परतले ते फक्त तीन लीग सामन्यांपुरते, त्यातही एक गोल मारलाच. आपल्याकडं तालमीतल्या पैलवानाचा ऐन उमेदीत गुडघा गेला आणि पुढं तो वस्ताद झाला, तर त्याला कुणी नापास म्हणतं का? संडरलंडमध्येच ते क्लबच्या पोरांना शिकवायला लागले, तिथून कोचिंगची सुरुवात.

‘एकट्याच्या जिद्दीवर’ हे तर मला सगळ्यात जास्त खटकतं. पीटर टेलर कुठं गेले? मिडल्सब्रोचे गोलकीपर, क्लफ यांचे दोस्त. 1965 मध्ये क्लफ चौथ्या डिव्हिजनमधल्या हार्टलपूल्स क्लबला मॅनेजर म्हणून गेले, तेव्हा टेलर सोबत होते. 1972 मध्ये क्लफ यांचा डर्बी क्लब इंग्लंडचा चॅम्पियन झाला तेव्हाही, आणि फॉरेस्टच्या दोन्ही युरोपियन कपांच्या वेळीही. खेळाडू हेरणं ही टेलर यांची खासियत, आणि माणसाकडून काम काढून घेणं ही क्लफ यांची. टेलर ज्या एका ठिकाणी गेले नाहीत, ते ठिकाण म्हणजे लीड्स.

मग लीड्सनं हिरा ओळखला नाही म्हणायचं? क्लफ यांनी त्या क्लबला आणि त्याचे मॅनेजर डॉन रेव्ही यांना वर्षानुवर्षं जाहीर शिव्या घातल्या होत्या, आणि 1974 मध्ये रेव्हींच्याच खुर्चीत बसले. सहा लीग सामने, एक विजय. तिथले खेळाडू ऐकतील कसे? चूक दोन्हीकडं होती, पण जास्त क्लफ यांचीच, असं माझं मत.

स्टार नसल्याचं म्हणाल, तर 1979 च्या अंतिम सामन्यात माल्मोविरुद्धचा एकमेव गोल ट्रेव्हर फ्रान्सिस यांचा होता, म्हणजे ब्रिटनमधल्या पहिल्या दहा लाख पौंडांच्या खेळाडूचा. गोलमध्ये पीटर शिल्टन. क्रॉस देणारे जॉन रॉबर्टसन मात्र क्लफ यायच्या आधीपासून फॉरेस्टमध्येच होते, आणि पुढच्या वर्षी हॅम्बुर्गविरुद्ध गोल त्यांनीच मारला. तेवढ्यापुरता मेसेज खरा धरू.

राहिला आमचा पोरगा. मेसेज वाचून तो मला विचारत होता, ‘सर, मग मी आता खेळ सोडून कोचची शिट्टीच घेऊ का?’ अरे, क्लफ यांच्या काळात असा लिगामेंट फाटला की खेळ जवळजवळ संपलाच. तुझं ऑपरेशन झालंय, फिजिओ चालू आहे. पालकहो, त्याला आत्ताच कशाला मॅनेजर करताय?