बापावर गेलेलं पिल्लू

टपरीमागच्या खोक्यात भाटी व्यायली त्याला महिना होत आला. चार पिल्लं: दोन पिवळी, एक काळं, एक आईसारखं तिरंगी. रविवारी नानांनी खोक्यात डोकावून निकाल दिला, "पिवळी दोन्ही मेडिकलवाल्याच्या बोक्यावर गेलीत. रक्त लपत नाही."

शिऱ्या क्लासमध्ये बायॉलॉजी शिकवतो, त्यामुळे गप्प बसणं त्याच्या स्वभावात नाही. "नाना, पिवळं पिल्लू बोका असेल तर त्याच्या रंगात बापाचा काडीचा संबंध नाही."

"म्हणजे?"

"पिवळ्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बोक्याला एक्स एकच, तोही आईचा. बापाकडून येतो वाय."

"मग बापाने काय नुसतं नाव लावायचं?" राणे म्हणाला. नाना हसले नाहीत.

तेवढ्यात भाटी स्वतःच येऊन बाकड्यावर बसली, शिऱ्याला आयताच नमुना मिळाला. डावा कान पिवळा, उजवा काळा, आणि नाकावरून कुणी पट्टी ठेवून रेघ मारावी तसे दोन रंग. "हिला दोन एक्स. एकावर पिवळा, दुसऱ्यावर काळा. गर्भात अगदी सुरुवातीला प्रत्येक पेशी दोनपैकी एक एक्स गुंडाळून बंद करते. कुठला, ते छापा-काटा. पण एकदा ठरलं की त्या पेशीपासून झालेल्या सगळ्या पेशी तोच बंद ठेवतात. म्हणून हे ठिगळकाम. मेरी लायनबाईंनी 1961 साली उंदरांच्या रंगावरून हे मांडलं. तो गुंडाळलेला एक्स त्याआधीच, 1949 साली, कॅनडात मरी बार यांना मांजरींच्या चेतापेशींत दिसला होता. गडद ठिपका, मादीत असायचा, नरात नाही. बाईमाणसातही हेच चालतं, फक्त अंगावर दिसत नाही."

"आणि पांढरं?"

"त्याचा याच्याशी संबंध नाही. रंगपेशी जिथे पोचल्याच नाहीत तिथे पांढरं."

राणे बँकेतला माणूस, त्याला हिशोब लागतो. "हे सगळं 1961लाच कळलं होतं ना? मग परवा पेपरात कसला शोध म्हणून छापलं होतं?"

प्रश्न बरोबर होता. जनुक एक्सवर आहे हे माहीत होतं, पण नेमकं कुठलं, ते कळायला 2025 उजाडलं. जपानात क्युशू विद्यापीठाचे हिरोयुकी सासाकी आणि अमेरिकेत स्टॅनफर्डचे केलिन-बार्श, दोन्ही गट स्वतंत्रपणे एकाच जागी येऊन पोचले. पिवळ्या मांजरांच्या डीएनएतली सुमारे 5,100 अक्षरं गायब आहेत. गंमत अशी की जनुक त्यामुळे मोडत नाही, उलट जागं होतं. एआरएचगॅप36 हे जनुक रंगपेशीत एरवी झोपलेलं असतं. ते जागं झालं की काळा रंग बनवण्याचा निरोप मधल्यामध्ये अडवतं, आणि पेशी पिवळा बनवत बसते. मला हे भारी वाटलं. काहीतरी हरवल्यामुळे काहीतरी चालू होणं म्हणजे आमच्या बिल्डिंगचा पाण्याचा पंप, ज्याचं बटण तुटल्यापासून तो बंदच होत नाही.

"पण करदात्याचा पैसा मांजराच्या रंगावर..." राण्याचं पालुपद.

"सासाकींनी लोकांकडून वर्गणी काढली. मांजरवेड्यांनी एक कोटी येनच्या वर दिले."

"इथे गणपतीचे पाचशे द्यायला लोक दार उघडत नाहीत," राणे पुटपुटला आणि तो विषय संपला.

नाना मात्र आपल्या जागेवरून हलले नव्हते. "ते सोडा. रक्त तेच तर रंग तोच. क्लोन का काय करतात, त्यात तर अगदी हुबेहूब येतं."

शिऱ्या याचीच वाट बघत असावा. 2001 साली टेक्सासमध्ये मांजराचा पहिला क्लोन झाला, नाव सीसी. जिची पेशी घेतली ती रेनबो तिरंगी होती, आपल्या भाटीसारखी. सीसी जन्मली ती करड्या पट्ट्यांची आणि पांढरी, पिवळ्याचा टिपूसही नाही. जनुकं शंभर टक्के तीच, पण रेनबोची ती एक पेशी पिवळा एक्स बंद करून बसली होती आणि क्लोनमध्येही तो उघडलाच नाही.

"मग मी सांगतोय काय, आईचीच सही नक्कल करायला गेले तरी रंग चुकला. तुम्ही बापाचं काय घेऊन बसलात!"

आता कोर्टात पुरावा मागवणं आलं. चहावाल्या काकांनी पहिलं पिवळं पिल्लू उचललं, शेपटी वर केली. खाली दोन ठिपके, मध्ये चांगलं अंतर. बोका. शिऱ्याने नानांकडे बघितलं.

काकांनी दुसरं उचललं. ठिपके अगदी जवळजवळ.

"ही भाटी."

शिऱ्या जरा वेळ काहीच बोलला नाही. अंगभर पिवळी भाटी म्हणजे दोन्ही एक्स पिवळे. एक आईचा. दुसरा...

"बोल की," नाना म्हणाले.

"दुसरा बापाचा. म्हणजे बाप पिवळाच."

नानांनी काकांना चार कटिंग सांगितले, शिऱ्याच्या खात्यावर.

"बाप पिवळा एवढंच सिद्ध झालं," शिऱ्या तरी म्हणालाच. "गिरणीतला बोकाही पिवळाच आहे."