आपलं भांडण आपणच सांगावं

कोल्हापूरला फोन केला की ७ जून २०२३ चा विषय काढायचा नाही, असं आमच्या घरात न बोलता ठरून गेलंय. काही पोरांच्या मोबाइल स्टेटसवरून त्या दिवशी बंद पुकारला गेला, शिवाजी चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, मुसलमानांची दुकानं फुटली, पोलिसांनी लाठीमार केला आणि इंटरनेट बंद झालं. पुढच्या वर्षी १४ जुलैला विशाळगडाच्या वाटेवर गजापुरात जमावानं घरं आणि मशीद फोडली. दोन्हींबद्दल घरच्यांचं म्हणणं एकच असतं. बाहेरनं आलेल्यांनी केलं, झालं गेलं गंगेला मिळालं, शाहू महाराजांच्या गावाची बदनामी आता कशाला?

मी बरीच वर्षं उत्तर आयर्लंडातल्या बेलफास्टला राहते आणि हे म्हणणं मला दिवसेंदिवस पटेनासं झालंय. भांडण ज्या गावात झालं त्या गावानंच ते सांगावं. गल्लीत उभं राहून सांगावं, पाहुण्यांना आणि त्याआधी आपल्या पोरांना. माझं हे मत इथल्या काळ्या टॅक्सीत बसून तयार झालं.

उत्तर आयर्लंडची वस्ती त्या काळात आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या आजच्या वस्तीच्या निम्म्याहून कमी होती. ब्रिटनमध्ये राहू इच्छिणारे प्रोटेस्टंट आणि आयर्लंडशी एक होऊ इच्छिणारे कॅथलिक यांच्यातल्या संघर्षात १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून १९९८च्या करारापर्यंत साडेतीन हजारांवर माणसं मेली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बस पळवून, पेटवून रस्त्यात आडव्या लावल्या जायच्या. बससेवा बंद पडायला लागली तेव्हा लंडनच्या जुन्या काळ्या टॅक्सी आणून फॉल्स रोडच्या कॅथलिकांनी आणि शँकिल रोडच्या प्रोटेस्टंटांनी आपापल्या रस्त्यावर वडापसारख्या, सीटमागं भाडं घेऊन चालवल्या. आज तशाच टॅक्सीत बसवून पर्यटकांना या वस्त्या दाखवतात. आख्खी टॅक्सी आपल्यापुरती करायची, ड्रायव्हरच माहिती सांगतो.

मामा-मामी आले तेव्हा मी त्यांच्यासाठी अशी टॅक्सी केली. मामा मंगळवार पेठेतले. जन्म तालमीत गेला, गणपतीच्या मिरवणुकीत महाद्वार रोडवर रात्रीच्या रात्री उभे राहिलेले. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची फुटबॉल मॅच असली की पेठापेठांत काय वातावरण असतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको.

ड्रायव्हर साठीच्या पुढचा, फॉल्स रोडवरच वाढलेला. त्यानं पहिल्यांदा थांबवलं ते बॉम्बे स्ट्रीटवर. इंग्रजांच्या राज्यात त्या भागातल्या रस्त्यांना आपल्याकडची नावं पडली. शेजारीच काश्मीर रोड आहे, लखनौ स्ट्रीट आहे. १५ ऑगस्ट १९६९ला पलीकडच्या प्रोटेस्टंट जमावानं हा रस्ता पेटवला, घरं जळाली आणि १५ वर्षांचा एक मुलगा गोळी लागून मेला. मामांनी तारीख मला परत विचारली. "पंधरा ऑगस्टच म्हणाला न्हवं?"

सप्टेंबरात ब्रिटिश लष्करानं दोन्ही वस्त्यांच्या मधे काटेरी तार आणि पत्रे ठोकले. लष्करी अधिकाऱ्यानं तेव्हा सांगितलं होतं की ही सोय अगदी तात्पुरती आहे. आज तिथं खाली काँक्रीट, वर पत्रा आणि त्याच्या वर जाळी अशी तीन मजली घराहून उंच भिंत उभी आहे. बॉम्बे स्ट्रीटची घरं पुन्हा बांधली, त्यांचं परसू थेट या भिंतीला टेकतं. वरनं दगड-बाटल्या पडू नयेत म्हणून परसावर लोखंडी पिंजरा बसवलाय. एका पिंजऱ्यात कपडे वाळत घातलेले होते आणि खाली लहान पोराची तीनचाकी सायकल होती. मामांनी विचारलं, "ह्याच्यात पोरगं खेळतंय?" मी ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, खेळतं की. आणि पुढं म्हणाला की या घरांतल्या लोकांना विचारलंत तर बरेचजण आजही भिंत नको म्हणणार नाहीत. सरकारनं २०१३मध्ये जाहीर केलं होतं की दहा वर्षांत सगळ्या भिंती काढू. दहा वर्षं होऊन गेली, भिंती उभ्या आहेत. मधली काही फाटकं अजून रात्री बंद होतात.

पुढं क्युपर वे नावाच्या रस्त्यावर पर्यटक भिंतीवर शांततेचे संदेश लिहितात. ड्रायव्हरनं मार्कर पुढं केला. मामांनी तो परत दिला. "कुणाच्या दारात यायचं आन भिंतीवर लिहून जायचं, हे काय बरं न्हाई," म्हणाले. मला त्यांचं पटलं. मारे जगभरचे लोक तिथं सही करून जातात, पण भिंतीमागं राहणाऱ्या बाईला त्या सहीचा काय उपयोग?

या सफरीवर टीका होते ती इथूनच सुरू होते. दुःखाचा बाजार मांडलाय, रोज सकाळी कुणाच्या तरी परसात कॅमेरे रोखले जातात, असं इथले लोकही बोलतात. त्यात तथ्य आहे. मला त्याहून जास्त खटकली ती दुसरी गोष्ट. आमच्या ड्रायव्हरनं बॉम्बे स्ट्रीटला जवळजवळ अर्धा तास दिला. शँकिल रोडवर आलो तेव्हा त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं की २३ ऑक्टोबर १९९३ला, शनिवारी, इथल्या मासळीच्या दुकानात आयआरएनं, म्हणजे आयर्लंडशी एक होण्यासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेनं, बॉम्ब फोडला, नऊ माणसं आणि बॉम्ब आणणारा एकजण मेला. आकडा बरोबर होता, तारीख बरोबर होती. पण दोन वाक्यांत संपवलं आणि गाडी सुरू केली. त्याच्या गल्लीचं दुःख त्याला तोंडपाठ, पलीकडच्यांचं फक्त माहीत. त्याला दोष देऊन काय होणार? विशी येईपर्यंत पलीकडच्या एकाही पोराशी बोललो नव्हतो, असं त्यानंच सांगितलं. इथं आजही कॅथलिक-प्रोटेस्टंटांच्या एकत्र शाळांत जाणारी मुलं शंभरात सात-आठच आहेत. पहिली एकत्र शाळा, लॅगन कॉलेज, १९८१मध्ये पालकांनी २८ मुलं घेऊन स्वतः काढली.

म्हणून मला दुसऱ्या प्रकारची सफर जास्त योग्य वाटते. तीत फॉल्सचा भाग एकेकाळचा आयआरए कैदी पायी फिरवून दाखवतो आणि फाटकाशी तुम्हाला दुसऱ्याच्या हवाली करतो. तो दुसरा शँकिलचा, बऱ्याचदा तोही तुरुंगात राहून आलेला. दोघांचं सांगणं जुळत नाही आणि जुळवायचा प्रयत्नही ते करत नाहीत. फाटकाशी हस्तांदोलन करतात आणि आपापल्या बाजूला जातात. ऐकणाऱ्याला दोन्ही ओझी घेऊन घरी जावं लागतं.

मामांचं लक्ष मात्र मिरवणुकांवर होतं. १२ जुलैला प्रोटेस्टंटांच्या ऑरेंज ऑर्डरच्या मिरवणुका निघतात. कुठल्या वस्तीतनं जायचं, चर्चसमोर बँड वाजवायचा की नाही, यावरून इथं वर्षानुवर्षं डोकी फुटली. अखेर मिरवणुकांचा वाद ऐकून निर्णय देणारा स्वतंत्र आयोग कायद्यानं नेमला गेला. मिरवणूक काढणाऱ्यानं २८ दिवस आधी कळवायचं, विरोध करणाऱ्यानं १४ दिवस आधी. निर्णय लेखी असतो आणि सगळ्यांना वाचायला मिळतो. शहरातल्या एका कॅथलिक चर्चसमोरनं जाताना बँडनं नुसता एका ढोलाचा ठोका वाजवत जायचं, असे बारीक आदेश त्यात असतात. हे ऐकून मामा म्हणाले, "आपल्याकडं शांतता समितीत बोलावत्यात. चहा होतो, फोटो होतो, उठतो आम्ही. कुठल्या चौकात कुणाला काय खुपतंय, ते कुणी बोलतच न्हाई." चाळीस वर्षं मिरवणुकीत घालवलेल्या माणसाचं हे बोलणं मला कुठल्याही अहवालापेक्षा मोलाचं वाटतं.

सगळं इथलं चांगलं आणि आपलं वाईट असं मला अजिबात म्हणायचं नाही. ऑगस्ट २०२४मध्ये याच शहरात स्थलांतरितांची दुकानं जाळली गेली. आम्ही घराबाहेर पडलो नाही, ऑफिसनं घरनंच काम करा म्हणून सांगितलं. सायंकाळी मामांचा फोन आला, नीट हायसा न्हवं म्हणून. स्वतःचं भांडण इतकं सविस्तर सांगणाऱ्या शहरातही हे घडलं, ही गोष्ट लपवून चालणार नाही. पण आठवडा संपायच्या आत हजारो लोक शहराच्या मध्यभागी जमले, फॉल्सकडचे, शँकिलकडचेही, आणि मीही गेले. बाहेरच्यांनी केलं असं तिथं कुणी म्हटलं नाही. आपल्या शहरात झालंय, आपण उभं राहायचं, एवढंच लोक बोलत होते.

कोल्हापुरात भिंत नाही. आपल्याकडं खोली भाड्यानं बघायला गेलं की आधी आडनाव विचारतात, आणि आडनाव सांगितल्यावर "कालच दिली बघा" म्हणतात. माझ्या वर्गमैत्रिणीला हे राजारामपुरीपासून उपनगरांपर्यंत ऐकायला मिळालं. जून २०२३नंतर तिच्या नवऱ्यानं दुकानाच्या पाटीवरचं नाव काढून नुसतं "किराणा" ठेवलं. हे तिनं मला सांगितलं, गावातल्या दुसऱ्या कुणी तिला विचारलंही नाही. आपण गप्प बसतो म्हणून गोष्ट सांगायची थांबत नाही. टीव्हीवाले सांगतात, रीलवाले सांगतात, आणि ज्याचं शटर फुटलं तो आणि ज्याच्या पोरावर केस पडली तो, दोघंही त्यात नसतात.

आणि आपल्याकडं सांगायला नुसतं भांडण थोडंच आहे? दसरा चौकात उभं राहा. आजूबाजूला शाहू महाराजांच्या काळातली बोर्डिंगं आहेत. मराठा आणि जैन बोर्डिंग १९०१ची, मुस्लिम बोर्डिंग १९०६ची, लिंगायत १९०७ची, अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या मुलांसाठीचं मिस क्लार्क १९०८चं. राहणं-जेवणं जातीजातींचं वेगळं, कारण एकत्र वसतिगृहात ब्राह्मणेतर पोरांचा टिकाव लागत नव्हता. पण १९१९मध्ये महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एका शाळेत बसवायचा हुकूम काढला. बेलफास्टच्या पालकांना जे १९८१मध्ये २८ मुलांपासून सुरू करावं लागलं, त्याचा हुकूम आपल्या संस्थानात बासष्ट वर्षं आधी निघाला होता. तिथनं भाऊसिंगजी रोडला या. हौदाच्या पाण्याला शिवला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळेंना महाराजांनी तिथं चहाचं हॉटेल काढून दिलं आणि चारचौघांत स्वतः तिथला चहा घेतला. मग तालमींत चला. मोहरमला तिथं पंजे बसतात आणि त्यांची सेवा करणारी पोरं बहुतेक हिंदू असतात. गणपती आणि मोहरम एका वेळी आले तेव्हा दोन्ही शेजारी शेजारी बसले. आणि शेवटी शिवाजी चौक, ७ जूनसकट. पहिल्या तीन ठिकाणांचा अभिमान सांगून चौथं वगळलं तर ऐकणाऱ्याचा पहिल्या तिन्हींवरचाही विश्वास उडेल.

अशी पायी फेरी दोघांनी मिळून घ्यावी, एक तालमीतला आणि एक मोहल्ल्यातला. चौकात पोचल्यावर दोघांनी आपापलं बोलावं, एकमेकांचं बोलणं मधे तोडू नये. पैसे घ्यायचेच असतील तर ते फुटलेल्या दुकानांसाठी घ्यावेत. कुणाच्या घराचे फोटो काढू नयेत. पहिली फेरी पर्यटकांसाठी नको, दहावी-बारावीच्या पोरांसाठी असावी.

डिसेंबरात मी येतेय. मामा तालमीतल्या दोघांशी बोललेत, त्यातला एकजण तयार आहे. मैत्रिणीचे सासरे आधी हो म्हणाले, मग म्हणाले की शिवाजी चौकात उभं राहून बोलायचं असेल तर विचार करून सांगतो. त्यांच्याशी फोनवर बोलण्यात अर्थ नाही, आल्या आल्या त्यांच्या घरी जाणार आहे. मामा बरोबर येतो म्हणालेत.