‘सर्वांत वेगवान लिस्प निवडा आणि एम्बेड करा’ : एक प्रतिवाद

आपल्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये स्क्रिप्टिंगची, म्हणजे वापरणाऱ्याला छोटे प्रोग्राम लिहून ते वाढवता येण्याची, सोय करू पाहणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो. तो साधारण असा: लिस्प कुळातल्या प्रोग्रामिंग भाषा (स्कीम, कॉमन लिस्प वगैरे) एकमेकींसारख्याच असतात, तेव्हा बेंचमार्कमध्ये (वेगाच्या चाचणीत) पुढे असलेले इम्प्लिमेंटेशन (भाषा प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम) उचलावे, मेमरीची काळजी गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी आपोआप मोकळी करणारा भाग) घेतो, पुढे पटले नाही तर दुसरे बसवता येते, आणि काहीच पसंत पडले नाही, तर छोटा इंटरप्रिटर आठवडाभरात स्वतःच लिहावा. स्वतंत्र प्रोग्राम लिहिणाऱ्याला यातले बरेचसे चालून जाईल. एम्बेड करणाऱ्यापुढचा, म्हणजे ती भाषा आपल्या प्रोग्रामच्या आत बसवणाऱ्यापुढचा, प्रश्न मात्र निराळा असतो: सी भाषेतला यजमान प्रोग्राम आणि लिस्प यांच्या सीमेवर मेमरी कोणाची, स्टॅक (चालू फंक्शनांची नोंद ठेवणारी मेमरी) कोणाचा आणि चूक झाल्यास ती कोणी निस्तरायची.

‘पुढे बदलता येईल’ या आश्वासनापासून सुरुवात करतो, कारण बाकीचा सल्ला त्याच्याच भरवशावर उभा आहे. स्कीमचे आर७आरएस हे मानक २०१३ मध्ये आले, पण सी मधून स्कीमला कसे बोलवावे याबद्दल त्यात काहीही नाही. म्हणजे यजमान प्रोग्राममधली जोडणीची प्रत्येक ओळ त्या एका इम्प्लिमेंटेशनशी बांधली जाते. चित्रे संपादित करण्याच्या गिम्प या प्रोग्रामने २००७ मधल्या २.४ आवृत्तीत सिऑड हे स्कीमचे इम्प्लिमेंटेशन सोडून टायनीस्कीम घेतले, तेव्हा व्हेरिएबल आधी जाहीर न करता त्यांना मूल्य देणाऱ्या जुन्या स्क्रिप्ट बंद पडल्या आणि लोकांना त्या दुरुस्त कराव्या लागल्या. संगीताची स्वरलिपी छापणाऱ्या लिलिपाँडचे उदाहरण तर याहून बोलके आहे. तिथे इम्प्लिमेंटेशन बदलायचे नव्हते, त्याच गाइलची (हेही स्कीमचेच इम्प्लिमेंटेशन) पुढची आवृत्ती घ्यायची होती; तरीही गाइल २.० हे २०११ मध्ये आले आणि गाइल १.८ वरून २.२ वर गेलेली लिलिपाँडची स्थिर आवृत्ती यायला २०२२ चा डिसेंबर उजाडला.

वेगाचा मुद्दा लवकर आटोपतो. बेंचमार्क लिस्पच्या आतला वेग मोजतात, तर एम्बेड केलेली स्क्रिप्ट बहुतेक वेळ यजमानाची फंक्शने बोलावण्यात घालवते; चित्रातले पिक्सेल बदलण्याचे काम सी मध्येच होते. खर्च पडतो तो सीमा ओलांडताना. गाइल स्ट्रिंग (मजकूर) आतून लॅटिन-१ किंवा ३२ बिटी स्वरूपात ठेवते, त्यामुळे यूटीएफ-८ वापरणाऱ्या यजमानाला ती देताना दर वेळी नवी प्रत तयार होते आणि ती प्रत आठवणीने मोकळी करणे हे सी लिहिणाऱ्याचे काम असते. गाइल ३.० मधला जेआयटी (चालवतानाच कोड यंत्रभाषेत बदलणारा) कंपायलर कितीही चांगला असला, तरी ही प्रत वाचवू शकत नाही.

‘मेमरीची काळजी गार्बेज कलेक्टर घेतो’ हे विधान सर्वांत घातक आहे, कारण ते अर्धे खरे आहे. समजा, सी मधल्या एका फंक्शनला नाव आणि किंमत यांची जोडी तयार करून लिस्पला द्यायची आहे. आधी नावाची स्ट्रिंग बनते, मग जोडीसाठी जागा मागितली जाते, आणि नेमक्या त्या क्षणी कलेक्टर चालू होतो. चिबी-स्कीम या स्कीमच्या छोट्या इम्प्लिमेंटेशनचा कलेक्टर काटेकोर आहे: स्ट्रिंग धरून ठेवणारे व्हेरिएबल मॅक्रोने नोंदवलेले नसेल, तर त्याच्या दृष्टीने ती स्ट्रिंग कचराच ठरते. नोंद केली आणि मधूनच परत फिरणाऱ्या एखाद्या वाटेवर ती काढायला विसरलात, तरी घोटाळा होतोच. गाइल आणि ईसीएल (कॉमन लिस्पचे एक इम्प्लिमेंटेशन) बोम नावाचा कलेक्टर वापरतात. तो सी चा स्टॅक स्वतः चाळतो, त्यामुळे हेच फंक्शन तिथे बिनधोक चालते. पण तोच पॉइंटर यजमानाने सी च्या साध्या मॅलॉकने (मेमरी मागण्याच्या फंक्शनने) घेतलेल्या स्ट्रक्चरमध्ये ठेवला, की तो कलेक्टरला दिसत नाही. चाचणीत सगळे सुरळीत आणि तासाभराच्या वापरानंतर क्रॅश, हा अनुभव मी स्वतः घेतला आहे आणि डीबगरने दाखवलेल्या जागेचा खऱ्या चुकीशी काडीचाही संबंध नव्हता. जॅनेट या लिस्पसारख्या भाषेने तिसरा मार्ग धरला: सी फंक्शन चालू असताना, त्यातून पुन्हा जॅनेटचा कोड बोलावला नाही तर, कलेक्टर आपणहून मध्ये येत नाही. माझ्या मते सी मध्ये नवख्या असलेल्या गटासाठी ही एकच गोष्ट सगळ्या बेंचमार्कांहून मोलाची आहे.

चुकांबाबतही ‘सारख्याच असतात’ हे खरे नाही. चिबीमध्ये स्क्रिप्टची चूक सी ला परत मिळणारे एक मूल्य असते आणि ते तपासता येते. गाइलमध्ये चूक सी च्या फ्रेम ओलांडून थेट वर उडी घेते, आणि यजमानाने मधल्या फंक्शनात घेतलेले लॉक तसेच अडकून राहते. त्यासाठी डायनविंडची (फंक्शनातून कसेही बाहेर पडले तरी आवराआवर करण्याची) सोय आहे, पण ती प्रत्येक ठिकाणी लिहावी लागते. दर प्लगइनला वेगळा इंटरप्रिटर हवा असेल, तर चिबी किंवा एस७ (आणखी एक स्कीम) एकाच प्रोसेसमध्ये अनेक इंटरप्रिटर देतात. गाइल आणि ईसीएल मात्र प्रोसेसला एकदाच सुरू होतात.

परवान्याचा विषय या सल्ल्यात येतच नाही. गाइल आणि ईसीएल एलजीपीएल या जास्त अटी घालणाऱ्या परवान्याखाली आहेत, तर जॅनेट एमआयटी आणि चिबी बीएसडी या सैल परवान्यांखाली. स्टॅटिक लिंक करून (लायब्ररी त्याच फाइलमध्ये मिसळून) बंद स्रोताचे अ‍ॅप्लिकेशन द्यायचे असेल, तर हा फरक पहिल्याच दिवशी पाहावा लागतो.

स्वतः लिहिण्याबद्दल एवढेच, की इव्हॅल (कोडचे मूल्य काढणारे मूळ फंक्शन) खरोखरच एका दुपारी लिहून होते. चुकीच्या ओळीचा क्रमांक सांगणे, युनिकोड, खोल रिकर्शनमध्ये सी चा स्टॅक न फुटू देणे आणि वर सांगितलेला कलेक्टर, ही कामे त्या दुपारीत मावत नाहीत.

निवडीसाठी मी बेंचमार्कऐवजी पन्नास-साठ ओळींचा एक प्रयोग करतो. लिस्पमधून यजमानाचे फंक्शन, त्या फंक्शनातून पुन्हा लिस्पचा क्लोजर (भोवतालची व्हेरिएबल धरून ठेवणारे फंक्शन) आणि त्या क्लोजरमध्ये मुद्दाम केलेली चूक. हे सगळे एक लाख वेळा, मध्येमध्ये कलेक्टर जबरदस्तीने चालवून आणि दुसऱ्या थ्रेडवरूनही. यातून जे दोन-तीन पर्याय तगून राहतात, त्यांचा वेग मग हवा तर मोजावा.