४९.४३१ हाच शेवटचा प्रामाणिक आकडा? – प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. माझ्या लेखावर तुमचा आक्षेप असा की तासाच्या विक्रमाचे (सायकलपटू ट्रॅकवर एकट्याने एका तासात किती अंतर कापतो त्याचे) सगळे आकडे एकाच रांगेत मांडणं ही वाचकाची फसवणूक आहे, हे माणसांचे नव्हे तर सायकलींचे आकडे आहेत आणि बेल्जियमच्या एडी मर्क्सचा १९७२चा ४९.४३१ किमी हाच शेवटचा प्रामाणिक विक्रम.

रांगेबद्दल तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. ब्रिटनच्या ख्रिस बोर्डमनने १९९६ साली मँचेस्टरमध्ये हात पुढे ताणलेल्या ‘सुपरमॅन’ बैठकीत ५६.३७५ किमी काढले. यूसीआयने (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने) सायकलचे नियम बदलल्यावर, २००० साली, त्याच ट्रॅकवर तोच माणूस गोल नळ्यांची फ्रेम, तारांची चाकं आणि साधं वाकडं हँडल घेऊन उतरला आणि ४९.४४१ वर थांबला. जवळजवळ सात किलोमीटर गळाले. वयाची चार वर्षं वाढली होती, पण इतकी घट वयाने होत नाही. या वेगाला बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते आणि ती वेगाच्या घनाने वाढते. त्यामुळे हात आणि खांदे कुठे आहेत यावर फार काही ठरतं.

मर्क्सबद्दल मात्र मला तुमचं पटत नाही. तो मुद्दाम मेक्सिको सिटीला गेला. तिथे, सव्वादोन हजार मीटर उंचीवर, हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक पंचमांश विरळ असते. प्राणवायू कमी मिळतो, पण हवेच्या रोधातली घट त्याहून मोलाची ठरते, म्हणून हिशेब फायद्याचाच. सायकल पावणेसहा किलोची होती, साखळीलासुद्धा भोकं पाडली होती. (एकसारख्या वेगात वजनाचा फारसा फरक पडत नाही, तो जाणवतो सुरुवातीला वेग घेताना.) म्हणजे त्यानेही हाताशी होतं ते सगळं वापरलं, आणि त्यात अप्रामाणिक काहीच नाही.

उलट त्याला महाग पडली ती सुरुवात. पहिले १० किमी त्याने ११ मिनिटं ५३ सेकंदांत मारले. पूर्ण तासाची सरासरी १० किमीला १२ मिनिटं ८ सेकंद येते. त्या पंधरा सेकंदांची उधारी पायांना पुढे फेडावी लागली.

आता इटलीचा फिलिप्पो गन्ना, स्वित्झर्लंडमधलं ग्रेन्खेन, ऑक्टोबर २०२२: ५६.७९२ किमी (२०१४ साली यूसीआयने आधुनिक ट्रॅक सायकलींना पुन्हा मुभा दिली होती). साखळीच्या पुढच्या चक्राला ६५ दात, मागच्याला १४. अडीचशे मीटरच्या ट्रॅकवर सव्वादोनशेहून जास्त फेऱ्या, सरासरी १५.८५ सेकंदांची एक. फिक्स्ड गिअरला (चाक फिरतं तोवर पेडलही फिरतंच) ना ब्रेक, ना पाय थांबवण्याची सोय. एवढा जड गिअर एकदा मंदावला की पुन्हा उचलताना मांड्या भरून येतात. हे काम कोणतंही डिस्क चाक (तारांऐवजी भरीव तबकडीचं) करून देत नाही.

रेषा धरण्याचंही तसंच. अंतर मोजतात ते आतल्या काळ्या रेषेवर. चाक तिच्यापेक्षा १० सेंमी वर राहिलं तर दर फेरीला सुमारे ६३ सेंमी जादा जातात आणि ते कुणी मोजत नाही. बोर्डमनने २००० साली मर्क्सला मागे टाकलं ते १० मीटरने. त्या १९७ फेऱ्यांत चाक सरासरी एक सेंटिमीटर जरी वर गेलं असतं, तरी १२ मीटर वाया जाऊन विक्रम हुकला असता.

लेखातला तक्ता मात्र मी बदलतो आहे: २०००पूर्वीचे, मर्क्सच्या धर्तीच्या सायकलवरचे आणि २०१४च्या नियमानंतरचे आकडे वेगळे, आणि प्रत्येकापुढे ट्रॅकची उंची.