आधी एकटा फ्लेवर ओढून बघा, रेसिपीचं नंतर बघू

घरी व्हेप लिक्विड (ई-सिगरेटमध्ये तापवून ज्याची वाफ ओढतात तो द्रव) बनवायला लागलेला जवळजवळ प्रत्येक माणूस सुरुवातीला एकच उद्योग करतो. कुणाची तरी सहा-सात फ्लेवरची रेसिपी उचलायची, सगळ्या बाटल्या एकदम मागवायच्या, मोजूनमापून मिसळायचं आणि मग विचारत फिरायचं की 'मजा नाही येत यार, काहीतरी खटकतंय, काय कमी करू?' आता यावर काय बोलणार. सात जण एकाच वेळी आरडाओरडा करतायत आणि आपण दाराबाहेर उभं राहून सांगायचं की नेमका कोण चुकीचं बोलतोय. नाही सांगता येत. त्या सातातला एकही तुम्ही कधी एकटा ऐकलेला नाही हीच खरी अडचण आहे.

माझं मत सरळ आहे. जो फ्लेवर तुम्ही नुसत्या बेसमध्ये (व्हीजी म्हणजे व्हेजिटेबल ग्लिसरीन आणि पीजी म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल, या दोन द्रवांचं बिनफ्लेवरचं मिश्रण), एकटा, दोन-तीन वेगवेगळ्या टक्क्यांवर ओढून बघितलेला नाही तो मिक्समध्ये घालायचाच नाही. कंटाळवाणं काम आहे, मान्य. पण याला पर्याय नाही.

पुढे जाण्याआधी एक. हे सगळं जे आधीपासून व्हेप करतात आणि जिथं कायद्यानं चालतं त्यांच्यासाठी आहे. जे सिगरेट ओढत नाहीत, व्हेप करत नाहीत, त्यांनी फ्लेवरच्या नावांना भुलून इकडे यायचं काही कारण नाही. काही देशांत तर बनवणं, विकणं सगळंच बंद आहे, तिथल्यांनी वाचून सोडून द्या.

आता 'मी बाटली उघडून वास घेतला ना, कळलं मला' म्हणणारे. बाटलीत कॉन्सन्ट्रेट असतं हो, आणि लिक्विडमध्ये ते जातं एक, तीन, फार तर आठ टक्के. नाकाला थेट बाटली लावल्यावर जे येतं आणि पातळ होऊन तापून वाफेतून जे येतं त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रीमवाल्या कितीतरी बाटल्यांना उघडल्यावर चक्क आंबूस, ओकारीसारखा वास येतो कारण त्यात ब्युटिरिक ॲसिड असतं, जे जुन्या चीजमध्येही असतं. तोच फ्लेवर दोन टक्क्यांवर काही दिवस ठेवला की मस्त दाट दुधाळ लागू शकतो. उलटं पण होतं, बाटलीत स्वर्गासारखा वास येणारं एखादं फळ वाफेत गेलं की नुसता परफ्यूम. बोटावर थेंब घेऊन चाटणारे पण बघितलेत, त्यानं फार तर गोडकडू कळेल, बाकी सगळी चव नाकाचीच असते.

मग करायचं काय. १० मिलीची छोटी बाटली, साधा बेस, एक फ्लेवर, बस, हाच टेस्टर. निकोटीन नाही. हे निकोटीनचं मी मुद्दाम सांगतोय, कारण निकोटीनची स्वतःची एक मिरीसारखी झणझण असते, घशाला लागते, त्यात हलका फ्लेवर झाकला जातो, शिवाय एका बैठकीत चार-पाच बाटल्या एकामागून एक ओढल्या तर डोकं गरगरायला लागतं ते वेगळंच. टेस्टरला शून्य निकोटीन, यावर माझ्याशी वाद घालू नका.

आणि मोजायचं वजनावर. सिरिंजनं व्हीजी खेचायचा प्रयत्न ज्यांनी केलाय त्यांना सांगायला नको, मधासारखं चिकट प्रकरण, मध्ये हवेचा बुडबुडा, अर्धं आतच चिकटून बसतं. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. व्हीजी एका मिलीला १.२६ ग्रॅम भरतं, पीजी साधारण १.०४, आणि बरेच फ्लेवर पीजीमध्येच विरघळवलेले असतात म्हणून त्यांचं वजन पीजीच्या जवळपास धरून चालतं. म्हणजे १० मिलीचा टेस्टर, ७० व्हीजी ३० पीजी, फ्लेवर पाच टक्के, असं धरलं तर फ्लेवर साधारण अर्धा ग्रॅम, पीजी २.६ ग्रॅम, व्हीजी ८.८ ग्रॅम. फ्लेवर पीजीच्या वाट्यातून वजा होतो हे नवीन लोक हमखास विसरतात आणि मग लिक्विड पातळ का झालं म्हणून डोकं खाजवतात.

थेंब मोजू नका. एका ड्रॉपरचा थेंब आणि दुसऱ्याचा थेंब यात फरक असतो, पीजीसारख्या पातळ द्रवाचे एका मिलीत वीस ते तीस थेंब कुठेही बसू शकतात. १० मिलीत एक टक्का म्हणजे ०.१ ग्रॅम, म्हणजे दोन-तीन थेंब. त्यात एक जास्त पडला की तुमचा एक टक्का दीड टक्क्याच्या आसपास पोचला, आणि काही फ्लेवरमध्ये तेवढ्यानं सगळं बिघडतं. इनावेरा, फ्लेवरआर्ट, फ्लेवराह यांचे बरेच फ्लेवर असे कडक असतात, कॅपेला आणि द फ्लेवर अप्रेंटिसचे त्या मानानं सौम्य, त्यामुळे 'स्ट्रॉबेरी पाच टक्के' हे वाक्य ब्रँड सांगितल्याशिवाय अर्धवट आहे. खूपच कडक असेल तर आधी त्याचा एक भाग आणि पीजीचे नऊ भाग असं पातळ करून वेगळी बाटली करून ठेवा, मग एक टक्क्याला त्यातलं एक ग्रॅम जाईल, चुकायला जागा उरते. बाटलीवर ठळक लिहा की पातळ केलेलं आहे, नाहीतर महिन्याभरानं तुम्हीच तेच दहापट समजून बसाल.

टक्के एकच धरून थांबायचं नाही. सौम्य फ्लेवर असेल तर दोन, चार, सात असं काहीतरी, कडक असेल तर अर्धा, एक, दोन. खरी मजा इथं आहे. लोकांना वाटतं जास्त घातला की जास्त लागेल, पण तसं सरळ चालत नाही. खालच्या टोकाला नुसता भास असतो, मध्ये कुठेतरी फळ फळासारखं लागतं, आणि वर गेलात की केमिकल, साबण, किंवा सगळ्यात विचित्र म्हणजे फ्लेवर चक्क कमी लागायला लागतो. इथाइल माल्टॉल याचं बेस्ट उदाहरण, तो कॉटन कँडीवाला गोड वास. अगदी थोडा असला तर फळाला पिकलेपणा येतो, जास्त झाला की स्वतःही धड लागत नाही आणि बाकीच्यांच्या तोंडावर पण उशी दाबतो. तुमच्या सात फ्लेवरच्या रेसिपीत तीन फ्लेवरमध्ये आधीच इथाइल माल्टॉल असेल आणि वरून तुम्ही स्वीटनर ओतलं असेल तर 'काहीच चव येत नाही' हे होणारच ना.

मग वेळ. लिंबूवर्गीय, साधी फळं बनवून हलवून लगेच ओढली तरी बऱ्यापैकी अंदाज येतो. कस्टर्ड, व्हॅनिला, बेकरी, तंबाखू यांना मुरू द्यावं लागतं, दोन-तीन आठवडे तरी. पहिल्या दिवशी कस्टर्ड ओढून 'बेकार आहे' म्हणून फेकून देणारे लोक आहेत. आणि मुरतं म्हणजे नुसतं मिसळतं असं पण नाही, आत खरोखर रसायन बदलतं. व्हॅनिलिन, दालचिनीचं सिनॅमाल्डिहाइड, बदाम-चेरीचं बेन्झाल्डिहाइड ही सगळी अल्डिहाइड पीजीशी हळूहळू जुळून ॲसिटल नावाची नवीन संयुगं बनवतात, येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये हे मोजून दाखवलं होतं. म्हणजे महिन्यानं बाटलीत जे आहे ते तुम्ही ओतलं होतं तेच नाही. व्हॅनिलावालं लिक्विड ठेवून ठेवून तपकिरी होतं ते तर डोळ्यांनीच दिसतं. काही स्ट्रॉबेरी मात्र उलट्या वागतात, आज झकास आणि तीन आठवड्यांनी गायब, रेसिपीत शोधत बसा. म्हणून एकच टेस्टर पहिल्या दिवशी, आठवड्यानं आणि तीन आठवड्यांनी असा तीनदा ओढायचा, तारखेसकट लिहायचं.

ओढायचा कशावर तर ड्रिपरवर, म्हणजे टाकी नसलेल्या, कॉटनवर थेट थेंब टाकून ओढायच्या व्हेपवर. टँकमध्ये, म्हणजे लिक्विड भरून ठेवायच्या टाकीत, टेस्ट करणं म्हणजे आधीच्या लिक्विडचं भूत घेऊन बसणं. साधी एक कॉइल (तापणारी तार), प्रत्येक फ्लेवरला नवीन कॉटन, आधीची कॉइल कोरडी तापवून, धुऊन साफ केलेली, आणि वॅट रोज तेच. वॅट वाढवलं की क्रीम खुलतात आणि नाजूक फळं जळतात, मग तुम्ही फ्लेवर टेस्ट करताय की वॅट हेच कळत नाही. मेन्थॉल आणि दालचिनी सगळ्यात शेवटी ठेवा, त्यांच्यानंतर त्या दिवशी दुसरं काही कळणार नाही. आणि लिंबूवर्गीय, दालचिनी असली मंडळी प्लास्टिकच्या टँकला तडे पाडतात, काचेचंच वापरा.

जीभ मरणं हा प्रकार पण असतो, खरं तर नाक थकतं. सलग तीन-चार फ्लेवर झाले की पाचवा हमखास फिका वाटतो आणि त्या बिचाऱ्याच्या नावावर 'मवाळ' असं लिहिलं जातं. पाणी प्या, मोकळ्या हवेत जा, नाहीतर सरळ उद्यावर ढकला.

आता एवढं एकट्याचं कौतुक केल्यावर उलटी बाजू पण सांगतो, नाहीतर कुणीतरी कमेंटमध्ये येऊन सांगेलच. काही गोष्टी एकट्यानं ओढून काही कळत नाही. सुक्रालोज म्हणजे नुसता गोडवा, शिवाय कॉइलवर काळी राप बसवणारा. कूलाडा किंवा डब्ल्यूएस-२३ म्हणजे नुसता गारवा, चव नाहीच. काही क्रीम आणि बिस्किटं एकटी कोरडी पुठ्ठ्यासारखी लागतात पण फळाच्या मागे उभी केली की भाव खाऊन जातात. अशांना जोडीनं टेस्ट करा, पण जोडीदार तुमचा आधीपासून पूर्ण ओळखीचा असलेला हवा. माझा ठरलेला जोडीदार एक साधी व्हॅनिला आहे, तिच्यात काही घातलं की काय बदललं ते लगेच कळतं. एकट्याची टेस्ट आधी का करायची त्याचं अजून एक कारण हेच, ओळखीचं कुणीतरी असल्याशिवाय अनोळखी पकडता येत नाही.

'दुसऱ्यांच्या नोट्स वाचल्या की झालं की' याचा मला सगळ्यात राग येतो. नोट्स वाचा, जरूर वाचा, कुठल्या टक्क्यापासून सुरू करायचं ते कळतं. पण ज्याला एकजण 'रसदार पीच' लिहितो तेच दुसऱ्याला शाम्पू लागतं आणि दोघंही खोटं बोलत नसतात, नाकं वेगळी. स्वतःच्या शब्दांत लिहा, कितीही बावळट वाटले तरी. 'ओल्या पुठ्ठ्यासारखं', 'ताप आल्यावर घेतलेलं गुलाबी औषध', असलंच काहीतरी सहा महिन्यांनी वाचलं तर लगेच आठवतं. 'छान, गोड, स्मूद' लिहिलंत तर काहीच आठवणार नाही.

आणि एक गोष्ट जी कुठलाही टेस्टर कधीच सांगणार नाही. चव चांगली आहे म्हणून ते फुफ्फुसाला चालतं असं नाही. या बाटल्यांवर 'फूड ग्रेड' लिहिलेलं असतं ते खाण्यासाठी. अमेरिकेतली फ्लेवर उद्योगाची संघटना फेमा स्वतः सांगते की त्यांचा सुरक्षित शिक्का खाण्यापुरता आहे, वाफेतून ओढण्याला तो लागू नाही. डायॲसिटिलची गोष्ट बऱ्याच जणांना माहिती असेल, लोण्याचा वास देणारा हा पदार्थ खायला चालतो, पण २००० साली मिझुरी राज्यात जॅस्परच्या मायक्रोवेव्ह पॉपकॉर्न कारखान्यातल्या कामगारांना फुफ्फुसाचा कायमचा आजार झाल्याचं उघड झालं आणि संशय त्या लोण्याच्या फ्लेवरच्या वाफेवर गेला. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ५१ फ्लेवरची व्हेप उत्पादनं तपासली तर ३९ मध्ये डायॲसिटिल सापडलं. म्हणून क्रीम, बटर, कस्टर्ड घेताना कंपनीनं दिलेला घटकांचा कागद वाचा, डायॲसिटिल आणि त्याच्याच जातीचं ॲसिटिल प्रोपियोनिल आहे का बघा. द फ्लेवर अप्रेंटिसनं डायॲसिटिल काढून डीएक्स नावाचे प्रकार काढलेत. चवीला थोडे वेगळे आहेत, आंबूसपणा जास्त, म्हणून लोक नाकं मुरडतात. मी तेच घेतो.

तेलातले फ्लेवर, इसेन्शियल ऑइल, केकवाले तेलकट अर्क हे तर टेस्टरमध्ये पण नकोत, एका झुरक्यापुरते पण नकोत. तेलकट काही फुफ्फुसात गेल्यावर काय होतं त्याची झलक अमेरिकेत २०१९ मध्ये दिसली, व्हेप करणाऱ्यांची फुफ्फुसं निकामी व्हायला लागली. तेव्हा मुख्यतः गांजाच्या अर्काच्या कार्ट्रिजमध्ये घातलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट या तेलकट प्रकरणाशी त्याचा घट्ट संबंध निघाला, फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण ॲडमिट झालेले किंवा दगावलेले नोंदवले गेले आणि त्यातले मृत्यू ६८. टेस्ट करताना एका बसण्यात पन्नास झुरके मारायचे नसतात, चव कळली की बाटली बंद, याचं कारण पण आता वेगळं सांगत नाही.

'एवढा वेळ कुणाला आहे' हे येणारच आहे खाली, तर आधीच बोलतो. पन्नास फ्लेवर घेऊ नका ना मग. दहा घ्या. एक व्हॅनिला, एक क्रीम, दोन वेगळ्या ब्रँडच्या स्ट्रॉबेरी, एखादं लिंबूवर्गीय, एखादं बिस्किट, असे. छोट्यातल्या छोट्या बाटल्या. एका संध्याकाळी बसून सगळे टेस्टर बनवून ठेवता येतात, मुरायचं काम ते स्वतः करतात, तुम्हाला काय करायचंय. आणि रेसिपी शेअर करणाऱ्यांना माझी एक विनंती आहे, टक्के लिहिता तसं त्यातला कुठला फ्लेवर तुम्ही एकटा ओढून बघितलाय आणि किती टक्क्यांवर, तेही शेजारी लिहा. तेवढं नसलेली रेसिपी मी तरी बनवत नाही.