तिन्ही थोडं थोडं

गाणाऱ्यांच्या बैठकीत माझी ओळख ‘हे लिहितात छान’ अशी करून दिली जाते. लिहिणाऱ्यांच्या कट्ट्यावर ‘यांची पेटी ऐका एकदा’ म्हणतात. नाशिकच्या कॉलेज रोडला ओपन माइकवर विनोद सांगणारी पोरं ‘काका, तुमचा आवाज भारी आहे’ असं सांगतात, म्हणजे विनोदाबद्दल बोलायचं टाळतात. आणि अंबडच्या ज्या कंपनीत मी स्टोअर्सला आहे, तिथं सगळ्यांचं एकमत आहे की माणूस कलाकार आहे, इथं कुठं अडकला! हे मला बरीच वर्षं कौतुक वाटत होतं. पगारवाढीच्या मीटिंगमध्ये साहेबही तेच म्हणाले, तेव्हा त्यातली धार कळली.

मुळात मराठीत पेटी वाजवणं, हसवणं आणि लिहिणं हे तिन्ही एकदम करायला जाणं म्हणजे धोंडा शोधून त्यावर पाय मारून घेणं. कारण हे काम एका माणसानं आधीच पूर्ण करून ठेवलंय. जन्म ८ नोव्हेंबर १९१९. नाव मी घेत नाही, घ्यायची गरजही पडत नाही. पेटीपुढे बसून मी एखादा किस्सा सांगायला लागलो की तिसऱ्याच वाक्याला पहिल्या रांगेतल्या काकांचे डोळे लांब कुठंतरी लागतात, मान हळूहळू हलायला लागते आणि ते शेजारच्याला म्हणतात, “आता तसं कोणी राहिलं नाही हो.” मी समोरच असतो. मी राहिलेला असतो.

त्यातून हे नाशिक. इथं काही लिहावं म्हटलं तर गंगापूर रोडला कुसुमाग्रज स्मारकावरून जावं लागतं. सिनेमाचं डोक्यात आलं तर पांडवलेण्याच्या पायथ्याशी फाळके स्मारक. गाण्याचं म्हणाल तर पंचवटीत पलुस्करांच्या नावाचं सभागृह. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि उतारवयात रामनामासाठी ते नाशकात येऊन राहिले. त्यांच्या परंपरेतल्या परीक्षा मीही दिल्या. प्रारंभिक, दोन्ही प्रवेशिका, मध्यमा पूर्ण. विशारदच्या उंबरठ्यावर मी इतकी वर्षं उभा आहे की आता तिथं पायपुसणं म्हणून खपून जाईन.

पण पेटीचा खरा अभ्यासक्रम म्हणजे ती उचलणं. माझी स्केलचेंजर आहे, म्हणजे पट्ट्या सरकवून सूर बदलता येणारी, आणि म्हणूनच जड. ‘एकदाच घ्या, चांगली घ्या’ असं म्हणून दुकानदारानं ती गळ्यात मारली आणि तेव्हापासून ती तिथंच आहे. इंदिरानगरहून पंचवटीत जाताना ती अ‍ॅक्टिव्हाच्या फूटबोर्डवर बसते आणि माझे पाय दोन्हीकडून बाहेर लोंबतात. सिग्नलला शेजारचा विचारतो, “इन्व्हर्टर का?” मी हो म्हणतो. सिग्नल मिनिटभराचा असतो, त्यात मध्यमा पूर्ण बसत नाही. शिवाय तिच्या भात्याची कडी सैल आहे. गतिरोधक आला की भाता उघडतो आणि पेटी एक दीर्घ, करुण सुस्कारा सोडते. शेजारून जाणारी बाई माझ्याकडे बघते. तो मी सोडलेला नाही, हे चालत्या गाडीवरून कसं सांगणार?

वाद्य तसं आधीपासूनच बदनाम. ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली पेटीला स्टुडिओबाहेर काढलं, ते थेट १९७१ पर्यंत आत घेतलं नाही. गुन्हा काय, तर हिचे सूर ठरल्या जागी घट्ट. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड हिला घेता येत नाही, सुरांमधल्या बारीक श्रुती हिच्या पट्ट्यांत सापडत नाहीत. एकतीस वर्षांनी का होईना, सरकारनं बंदी उठवली. आमच्या सोसायटीनं अजून उठवलेली नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंचं मींड आणि श्रुतीबद्दल काही म्हणणं नाही. त्यांची हरकत दुपारी दोन ते चार या वेळेला आहे. गंमत म्हणजे त्याच काकू भजनी मंडळाच्या खजिनदार आहेत आणि तिथं साथीला मीच असतो.

या मंडळात मला जी एकमेव मनापासूनची दाद मिळाली, तिची हकिकत अशी. श्रावणातला गुरुवार, ‘जय जय राम कृष्ण हरी’चा गजर रंगात आलेला, आणि माझी काळी चारची पट्टी खाली गेली ती वर येईना. आधीच पावसाळी हवेनं लाकूड फुगलेलं. भाता हलला की ती बोंबलतेय. गजर थांबवायची सोय नाही, कारण दोन ताई डोळे मिटून उभ्या राहिलेल्या. मी डाव्या हातानं भाता मारतोय, उजव्या हाताच्या तीन बोटांनी चाल वाजवतोय आणि उरलेल्या बोटाच्या नखानं ती पट्टी उचकटतोय. आता मंडळ गातं नेमकं काळी चारमध्ये, त्यांचा सा तीच पट्टी. म्हणजे मी जे लपवायला धडपडत होतो, तो त्यांना अखंड षड्ज मिळत होता. गजर संपल्यावर अध्यक्षबाई डोळे पुसत म्हणाल्या, “आज सा काय लावून धरलात हो! अंगावर काटा आला.” दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्यानं पट्टीच्या फटीतून झेंडूची एक पाकळी चिमट्यानं काढली आणि मला दाखवून खिडकीतून फेकून दिली. पुढच्या गुरुवारी अध्यक्षबाईंचा चेहरा पडलेला. “गेल्या वेळची तयारी दिसली नाही आज.”

तरी शाल आणि नारळ दिलाच. तो प्रत्येक जण देतो. थंडीत आमच्या सोसायटीचा वॉचमन, दूधवाला आणि इस्त्रीवाला फाटकापाशी एका रांगेत उभे राहिले की सत्कार समारंभ वाटतो. नारळांचं खातं बायकोकडे आहे. चटणी, वड्या, सोलकढी, पुन्हा चटणी. नाशकात राहून आम्ही जेवतो मात्र रत्नागिरीचं.

विनोदाच्या क्षेत्रात नारळ नसतो. तिथं उलट आपणच एक कोल्ड कॉफी विकत घ्यायची, मग पाच मिनिटं मिळतात. ओपन माइकला प्रेक्षक असे नसतातच. आपला नंबर कधी येतो याची वाट बघणारे इतर कलाकार असतात. समोरची सगळी पोरं माझ्याकडे बघत असतात, पण ओठ हलत असतात. प्रत्येक जण स्वतःचं पाठ करत असतो. चार मिनिटं झाली की मागून कोणीतरी मोबाईलचा टॉर्च दाखवतं. कालिदास कलामंदिरात प्रकाश पडला की कलाकारानं सुरू करायचं असतं. इथं प्रकाश पडला की आवरायचं.

पोरांचे विषय ठरलेले. ब्रेकअप, इंजिनिअरिंग आणि बाबा. यातला बाबा प्रत्यक्ष समोर बसलेला आहे, हे त्यांच्या लगेच लक्षात येतं. मग एकामागून एक येऊन माझ्याकडे बोट दाखवतात, “असे! एकदम असेच!” खोली हसून लोळते. त्यांच्या सेटमध्ये माझ्यावर इतका हशा येतो की माझा नंबर येईपर्यंत माझ्यातलं हसण्यासारखं सगळं संपलेलं असतं.

एकदा मी द्वारका चौकावर पाच मिनिटं बांधून नेली होती. वर उड्डाणपूल, खाली आपण, आणि गाडी बंद करून उभा असलेला माणूस बायकोला फोनवर सांगतोय की पुढचा सिंहस्थ बहुतेक इथूनच बघतो, तू देवाचं तेवढं आटोपून घे. घरी आरशासमोर हे फार चाललं होतं. कॅफेत हशा आला नाही. चर्चा सुरू झाली. एक जण म्हणाला, “काका, तुम्ही काठे गल्लीतून का नाही काढत?” दुसरा म्हणाला, संध्याकाळी तिथं याहून वाईट. कॉफीचा ट्रे घेऊन चाललेला मुलगा थांबला आणि त्यानं टाकळी रोडचा पर्याय सविस्तर सांगितला. टॉर्च लागून विझला तरी कोणाला पत्ता नाही. निघताना सूत्रधार पोरगा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “काका, क्राउड वर्क कडक!” म्हणजे प्रेक्षकांना बोलतं करणं. नाशिककर विनोदावर हसत नाही, तो तुमची अडचण सोडवायला घेतो. स्वभाव चांगला आहे, पण विनोदी कलाकारानं अशा गावात राहू नये.

लेखनाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण ते घरात बसून होतं आणि पेटी उचलावी लागत नाही. मराठीत दिवाळी अंकाची प्रथा १९०९ सालच्या ‘मनोरंजन’पासूनची. तेव्हापासून लेखक भर पावसाळ्यात, छत्री वाळत घातलेली असताना, फराळाबद्दल लिहीत आलाय. माझे संपादक फोनवर सांगतात, विनोदी हवं पण उथळ नको, विचार हवा पण जड नको, दीड हजार शब्द हवेत पण जाहिरात आली तर नऊशे. गेल्या दिवाळीत जाहिरात आली. माझ्या लेखाच्या शेवटच्या तीन परिच्छेदांच्या जागी एनए प्लॉट, सुलभ हप्ते. एका वाचकानं आवर्जून कळवलं की असा अनपेक्षित शेवट आजकाल कोणी करत नाही.

तो अंक सार्वजनिक वाचनालयात लागला तेव्हा मी मुद्दाम बघायला गेलो. वाचनालय १८४० सालचं, तिथं बसलेल्या काही वाचकांचीही तीच स्थापना असावी असं वाटतं. एक आजोबा नेमका आमचाच अंक घेऊन बसले होते. मी समोरच्या खुर्चीवर वर्तमानपत्र उलटं धरून बसलो. त्यांनी अनुक्रमणिका वाचली, जाहिराती वाचल्या, वार्षिक राशिभविष्यात कन्या वाचली, मग बहुधा सूनबाईंची वृश्चिक वाचली आणि समाधानानं हसले. माझं पान आलं. त्यांनी अंगठा थुंकीला लावला आणि दोन पानं एकदम उलटली. मग अंक माझ्यापुढे सरकवून म्हणाले, “घ्या, केव्हापासून बघताय. माझं झालंय वाचून.”

घरी यातलं काहीच सांगत नाही. सांगितलं की ‘एक काहीतरी धरा’ हा विषय निघतो. एकदा तो निघालाच, म्हणून मी जेवताना फाळक्यांचा दाखला दिला. म्हटलं, “आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेला माणूस. चित्रकला शिकले, फोटोग्राफी केली, छापखाना काढला, प्रोफेसर केळफा नाव घेऊन जादूचे प्रयोग केले, आणि मग १९१३ ला सिनेमा. एकच काहीतरी धरून बसले असते तर?”

बायको तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, “विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले होते ना ते?”

“हो. १९१२ ला.”

“आणि त्यांच्या बायकोचे, सरस्वतीबाईंचे दागिने?”

“ते पण गेले, म्हणजे… सिनेमासाठीच.”

“आणि सगळ्या युनिटचा स्वयंपाक त्याच करायच्या.”

मी आमटी वाढून घेतली.

“लॉकरची चावी माझ्याकडे आहे,” ती म्हणाली, “पॉलिसी पण लॉकरमध्येच आहे. बाकी तुम्ही खुशाल फाळके व्हा.”

फाळके होणं राहिलं. ज्याला तिन्ही थोडं थोडं येतं, त्याचं आपल्याकडे होतं काय, तर सूत्रसंचालक. “सर, तुम्ही गाता पण, हसवता पण, लिहिता पण, आम्हाला असाच माणूस हवा होता,” असं कोणी म्हणालं की समजायचं, गाणं दुसऱ्याचं आहे, भाषण तिसऱ्याचं आहे आणि आपल्याला मधल्या फटी भरायच्या आहेत. काडी वाऱ्यानं विझली, समई पेटेना, तेवढ्यात एक चारोळी. गायिकेचा तानपुरा जुळेपर्यंत एक किस्सा. प्रमुख पाहुणे द्वारकेला अडकले की मग जे जे येतं ते सगळं, वेळ मिळाला तर पेटीसुद्धा. टाळ्या पाहुणे आत आल्याच्या पडतात. फेब्रुवारीत तर विचारू नका. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस म्हणून २७ तारखेला मराठी भाषा गौरव दिन, आणि ज्या गावात ते राहिले तिथं त्या दिवशी सूत्रसंचालकाचा तुटवडा.

यंदा त्यासाठी पहिला फोन आला तेव्हा मी अंघोळीला गेलो होतो. फोन बायकोनं घेतला. आवाज मला आत सगळा ऐकू येत होता.

“बोला ना. हो, तारीख मोकळी आहे. किती देणार?”

पलीकडून बहुधा ‘घरचंच कार्य’ आलं.

“घरचं असेल तर घरी करा. गेल्या वर्षी तुमचे पाहुणे दीड तास उशिरा आले. तेवढा वेळ हे तिथं काय काय करत होते, मी शेवटच्या रांगेत बसून बघितलंय. शाल नको. नारळ तर अजिबात नको. आकडा सांगा.”

मी नळ बंद केला. बराच वेळ पलीकडचा माणूस बोलत होता आणि ही नुसती “हं… हं…” करत होती. मग हिचा सूर एकदम बदलला.

“अहो, नाही हो, मला कुठं सवय! … शाळेत असताना करायचे मी. … स्पष्ट? ते आहे. … हो, पाहुणे उशिरा आले तर मी त्यांना तसं स्टेजवर सांगेन, चालेल ना? … बरं. साडी कुठल्या रंगाची म्हणताय?”

मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो, तेव्हा ती कालनिर्णयवर २७ तारखेला गोल करत होती. आकडा ठरला होता. माझ्या आजवरच्या सगळ्या आकड्यांपेक्षा मोठा होता, अर्थात त्यासाठी तो फक्त आकडा असणं पुरेसं होतं.

“पेटीवाला?” तिनं फोनमध्ये विचारलं आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. “आहे ना, घरचाच आहे. त्यांना नारळ दिलात तरी चालेल.”